पोपसारख्या धर्मगुरूंच्या दौऱ्याचा खर्च करदात्यांनी का द्यावा?

सुरक्षेचा आणि सरकारी भेटीगाठींचा खर्च करदात्यांनी द्यावा, पूजाप्रार्थनेचा नाही. पोप हे व्हॅटिकन या राष्ट्राचे प्रमुखही असल्याने दौरा कोणत्या नात्याने आहे ते आधी पाहावं. ब्रिटनमध्ये दोन्ही प्रकार झालेत. 1982 साली जॉन पॉल दुसरे आले ते धर्मगुरू म्हणून. आयोजनाचा भार चर्चने उचलला. सप्टेंबर 2010 मध्ये सोळावे बेनेडिक्ट सरकारी निमंत्रणावर आले. तेव्हा एडिंबरोत राणीची भेट वगैरे राजकीय भाग सरकारकडे, तर ग्लासगोचं बेलहाउस्टन पार्क, लंडनचं हाइड पार्क आणि बर्मिंगहॅमचं कॉफ्टन पार्क इथल्या प्रार्थनासभांचा खर्च मुख्यतः चर्चकडे, अशी वाटणी झाली. माझ्या मते रीत बरोबर होती.

घोळ झाला तो पैसा कुठल्या खात्यातून काढला यावरून: परदेशी मदतीच्या खात्याने 18.5 लाख पौंड या दौऱ्याकडे वळवले आणि पुढच्या वर्षी संसदीय समितीने त्यावर बोट ठेवलं. शिवाय पोलीस बंदोबस्त वेगळ्या हिशेबात धरला होता, त्यामुळे 'दौऱ्याचा खर्च' म्हणून सांगितलेला एकच आकडा कधीच पुरा समजू नये.

मात्र हा निकष भारतात जसाच्या तसा लावता येत नाही. इथे राज्यघटनेचं कलम 27 आहे: एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेला कर भरायची सक्ती करता येत नाही. पण 2011 साली हज अनुदानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कराचा मोठा हिस्सा त्यासाठी गेला तरच कलमाचा भंग होतो. बंदोबस्ताचा खर्च त्यात अडकत नाही.