तीसपैकी एकवीस

प्रश्न : माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, इतवारीत धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. मोहल्ल्यातल्या शिबिरात त्यांची स्मरणशक्तीची चाचणी झाली, तीसपैकी 21 गुण आले. 'डिमेन्शियाची सुरुवात असू शकते' असं सांगितलं. शंभरातून सात-सात वजा करणं त्यांना झटक्यात जमलं, पण पाचकोनी आकृत्या काढता आल्या नाहीत. वाक्य लिहा म्हटलं तर कागदच परत दिला. तीन शब्दांपैकी एकच आठवला. टीव्ही इतक्या मोठ्याने लावतात की शेजारी ओरडतात. त्यांना रोज शब्दकोडी सोडवायला लावू का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, 21 ला एवढं भिऊ नका. ही चाचणी शिकलेल्या माणसासाठी बेतलेली आहे. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर वृद्धांचा अभ्यास करायचा होता, तेव्हा ती बदलून घ्यावी लागली. दिवाणजींनी जन्मभर आकडे लिहिले, पाचकोन कधी काढले होते?

पाहायचं ते हे, की माणूस स्वतःच्याच आधीच्या पातळीवरून उतरला का. स्कॉटलंडमध्ये 1921 साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची 1932 मध्ये एकाच दिवशी बुद्धिचाचणी झाली होती. ते जुने कागद पुढे संशोधकांच्या हाती लागले आणि म्हाताऱ्या झालेल्या त्याच मुलांपैकी काहींना त्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली. म्हातारपणी माणसामाणसांच्या गुणांत जो फरक होता, त्यातला जवळपास निम्मा अकराव्या वर्षीच ठरलेला दिसला. म्हणजे कमी गुणवाले सगळेच घसरलेले नव्हते, कित्येक आधीपासूनच तिथे होते. आपल्याकडे असा जुना कागद कुणाचा निघणार? म्हणून भारतातल्या ज्या मोठ्या पाहणीतून साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला, तिच्यात घरच्या माणसालाही विचारतात, की आधीपेक्षा काय बदललं.

तेच तुम्हाला विचारतो. किराण्याचा हिशेब अलीकडे चुकतो का? बर्डीवरून घरी येताना वाट विसरतात का? गोळी घेतली हे विसरून पुन्हा घेतात का? यातलं काही वर्ष-दोन वर्षांत नव्याने सुरू झालं असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. बी-12 आणि थायरॉइड तपासा, त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत.

पण सगळ्यात आधी कान! ते तीन शब्द नीट ऐकूच गेले नसतील तर आठवणार कुठून? शिवाय 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात, बुद्धी घसरण्याचा आधीच जास्त धोका असलेल्या वृद्धांना श्रवणयंत्रं दिली, तेव्हा तीन वर्षांतली ती घसरण जवळपास निम्म्याने कमी झाली. धडधाकट वृद्धांत मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगून ठेवतो. मशीन लावायला ते कुरकुरतील. लावा म्हणावं.

शब्दकोडी नकोत, उगाच परीक्षा होईल. घरखर्चाची वही त्यांच्याकडे द्या. आणि सहा महिन्यांनी ऐकू येत असताना, मराठीतून, पुन्हा चाचणी करून घ्या. कोणत्या प्रश्नाला किती गुण आले तो कागद मात्र मागून घ्या, नुसती बेरीज आणू नका.