कॉम्पॅक्ट म्हणजे बंद आणि सीमित, एवढंच ना? मग खुल्या आवरणांची व्याख्या कशाला?

वास्तव संख्यांच्या रेषेवर किंवा सांत मितींच्या युक्लिडीय अवकाशात एवढंच. हाइने-बोरेल प्रमेय तेच सांगतं. पण हे त्या अवकाशांचं नशीब, व्याख्या नव्हे.

आवरणाची व्याख्या म्हणते: संच खुल्या संचांनी कसाही झाकला, तरी त्यांतले मोजकेच (म्हणजे सांत संख्येचे) संच तो झाकायला पुरले, तर तो कॉम्पॅक्ट. ही व्याख्या नेमकं काय मिळवून देते ते बघा. [०, १] वर एक सतत फलन घ्या. सातत्यामुळे प्रत्येक बिंदूभोवती एक छोटा खुला अंतराल मिळतो, जिथे फलन कुठल्यातरी आकड्याच्या आत राहतं. असे अंतराल अनंत, आकडेही अनंत. त्यांतला सर्वांत मोठा निवडणार कसा? कॉम्पॅक्टपणा सांगतो की त्यांतले मोजकेच अंतराल अख्खा संच झाकायला पुरतात. मोजक्या आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा असतोच, म्हणून फलन सीमित. अख्खी युक्ती एवढीच!

(०, १) वर १/क्ष घेतलं की हे कोसळतं. (१/२, १), (१/३, १), (१/४, १)... हे अंतराल मिळून पूर्ण संच झाकतात, पण त्यांतले कितीही मोजके घ्या, शून्याजवळचे बिंदू सुटतातच.

आता 'बंद आणि सीमित' कुठे फसतं? वर्गांची बेरीज सांत असणाऱ्या अनुक्रमांच्या हिल्बर्ट अवकाशात. (१, ०, ०, ...), (०, १, ०, ...) वगैरे सदिश एकक गोलातच आहेत, पण कुठल्याही दोघांतलं अंतर √२. कॉम्पॅक्ट संचात तर प्रत्येक अनुक्रमातून एखादा अभिसारी (संचातल्याच एका बिंदूकडे जाणारा) उपअनुक्रम मिळायला हवा. इथे तो येणार कुठून? गोल बंद आहे, सीमितही आहे, कॉम्पॅक्ट मात्र नाही.

(उपअनुक्रमांची ही कसोटी मेट्रिक, म्हणजे बिंदूंमधलं अंतर ठरलेल्या, अवकाशांतच बिनधास्त वापरा.)