एल्बेकाठून उत्तरं

गेल्या अंकात जर्मनीतल्या, एल्बे नदीकाठच्या ड्रेस्डेनमधल्या माझ्या शिक्षणाबद्दल आणि भटकंतीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी सांगलीची, आणि इथल्या तांत्रिक विद्यापीठात जलविज्ञानात एम.एस्सी. करते.

माझा मुलगा कर्ज काढून जर्मनीला शिकायला गेला आहे. दर रविवारी नव्या गावाचे फोटो येतात. त्याचे बाबा विचारतात, हा शिकतोय की हिंडतोय? त्यांना काय सांगू? — एक आई, इचलकरंजी

काकू, आधी पैशाचं बोलू, कारण बाबांच्या मनात तेच असणार. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टरच्या फीमध्येच प्रवासाचं तिकीट धरलेलं असतं. ड्रेस्डेनमध्येही तसंच आहे. त्या तिकिटावर देशभरातल्या साध्या रेल्वेगाड्या, लोकल, ट्राम आणि शहरी बस चालतात. आयसीईसारख्या जलद गाड्या तेवढ्या चालत नाहीत. म्हणजे रविवारी तो शंभर किलोमीटरवरच्या गावी जाऊन आला, तरी खिशातून बहुधा फक्त कॉफीचे पैसे जातात. शिवाय व्हिसासाठी तुम्ही ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरले असतील, तर त्यातून त्याला महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. भाडं, आरोग्यविमा, किराणा आणि फोन यांत ते जवळजवळ संपतात. उधळायला उरतंच काय?

आता रविवारचं. इथे रविवारी दुकानं बंद असतात, किराण्याचीसुद्धा. मोठ्या रेल्वे स्टेशनातली एखाददुसरी उघडी, तेवढीच. त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दार वाजवतील. हॉस्टेलच्या लांबच लांब पॅसेजमध्ये चिटपाखरू नसतं. मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या मुलाला ही शांतता पहिल्या हिवाळ्यात खायला उठते. खोलीत पडून राहणारी मुलं मी पाहिली आहेत, काकू, आणि मला काळजी त्यांची वाटते. सकाळी डबा भरून गाडी पकडणारा मुलगा सोमवारी वर्गात ताजा असतो. बाबांना हे ठामपणे सांगा.

आणि त्याला ‘कुठे गेलास’ विचारण्याऐवजी ‘काय पाहिलंस’ असं विचारून बघा. तो ड्रेस्डेनच्या बाजूला असेल तर गोर्लित्सला गेलाय का विचारा. जर्मनीचं हे सगळ्यात पूर्वेकडचं शहर. नदीवरचा पूल चालत ओलांडला की पोलंड. त्या शहरातून १५ अंश पूर्व रेखांश जातो आणि मध्य युरोपचं घड्याळ त्याच रेषेवर लावलेलं आहे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांवर लावलेलं. मधले साडेसदुसष्ट अंश म्हणजे साडेचार तास. हिवाळ्यात तुम्ही रात्री साडेनऊला जेवणं आटोपून फोन लावता, तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे पाच असतात, ते यामुळे. उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात आणि फरक साडेतीनवर येतो.

ताई, येत्या ऑक्टोबरात मी ड्रेस्डेनला येतोय. नाताळच्या सुट्टीत पॅरिस, ॲमस्टरडॅम, व्हेनिस आणि स्वित्झर्लंड उरकायचं ठरवलंय. जमेल का? आणि रोजच्या जगण्यात काय अंगवळणी पाडावं लागेल? — एक विद्यार्थी, नांदेड

जमेल, पण करू नकोस. डिसेंबरात इथे दुपारी चारला अंधार पडतो. रात्रीच्या बसमध्ये अवघडून झोपायचं, सकाळी थंडीत एखाद्या चौकात फोटो काढायचा आणि पुन्हा बस पकडायची, असं होतं सगळं. व्हेनिस कुठे पळून जात नाही. पहिलं वर्ष आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरसाठी राखून ठेव.

सुरुवात राटेनपासून कर. मुख्य स्टेशनातून एस-१ लोकल नदीच्या कडेकडेने जाते; खिडकी डाव्या हाताची धर. कुरोर्ट राटेनला उतरलास की एल्बे ओलांडायला फेरीबोट आहे आणि तिला इंजिन नाही! नदीच्या वरच्या अंगाला, खूप लांब, तळाशी एक दोर बांधलेला आहे. मधे मधे पिंपांसारखे तरंगे लावून तो पाण्यावर धरलाय आणि त्याचं दुसरं टोक नावेला आहे. नावाडी नावेचा कोन बदलतो, प्रवाह तिच्या कुशीवर तिरका आदळतो आणि तिला पलीकडे ढकलतो. परत येताना कोन उलटा. वर्गात फळ्यावर बलांचे बाण काढून जे शिकवतात, ते इथे दप्तर मांडीवर घेऊन दोन-तीन मिनिटांत कळतं. कठड्याला हात लावून उभा राहा. दोर ताणला जातो तेव्हा लाकडातून जाणवतं.

पलीकडे बास्ताय. नदीपासून १९४ मीटर उंचावर वाळूखडकाचे सुळके आणि त्यांच्यामधून १८५१ सालचा दगडी पूल. सगळे पर्यटक पुलावर फोटो काढून माघारी फिरतात. तू तसाच पुढे जा आणि ‘श्वेडेनलोखर’ नावाच्या घळीतून खाली उतर. तीस वर्षांच्या युद्धात, १६३९ मध्ये, स्वीडिश फौज आली तेव्हा आसपासचे गावकरी पोराबाळांसह या घळीत लपले होते. शेवाळलेल्या पायऱ्या आहेत, चांगले बूट घाल.

गडकोटांची आवड असेल तर पुढचं स्टेशन क्योनिगस्टाइन. डोंगराच्या माथ्यावर सपाट पठार, ताशीव कडा, वर तटबंदी. आपल्याकडच्या माणसाला गड ओळखायला पाटी लागत नाही. आपल्या गडांवर खडकात खोदलेली टाकी असतात, इथे मात्र त्यांनी १५२.५ मीटर खोल विहीर खणली. सोळाव्या शतकात, वाळूखडकात, छिन्नी-हातोड्याने. वरून पाणी ओतून दाखवतात. खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागतो की आजूबाजूचे लोक बोलायचे थांबतात. हा किल्ला लढून कुणी घेतला नाही. पण १८४८ मध्ये धुराडी साफ करणारा आब्रात्स्की नावाचा एक पोरगा कड्याच्या भेगेतून, काहीही साधन नसताना, वर चढून आला. हिरकणी उतरली, हा चढला. मला दोघांचाही अभिमान वाटतो.

रोजचं म्हणशील तर तिकीट फोनवर असतं, म्हणून बॅटरी सांभाळ. ट्राममध्ये तिकीट तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि तिकीट दाखवता आलं नाही तर ६० युरोची पावती फाडतो. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नकोस, तिच्यावर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. सिग्नलला रस्ता रिकामा असला तरी पायी चालणाऱ्यांनाही लाल म्हणजे लाल, विशेषतः शेजारी लहान मूल उभं असेल तर. सायकलला दिवा हवाच. प्रागला जाशील तेव्हा मूळ पासपोर्ट आणि रहिवासाचं कार्ड दोन्ही जवळ ठेव, कारण परतीच्या गाडीत पोलीस कागद बघतात आणि फोनमधला फोटो चालत नाही.

रुळांचं काम निघालं की गाडीऐवजी बस सोडतात. पाटीवर ‘एसईव्ही’ लिहिलेलं असतं. ही बस कधी स्टेशनच्या मागे, कधी चर्चजवळ, कुठेही उभी असते. एकदा पिर्नामध्ये संध्याकाळी ती सापडेना. पाठीवर सॅक घेतलेले सत्तरीचे आजी-आजोबा मला चौकापर्यंत घेऊन गेले, ड्रायव्हरला विचारून खात्री केली आणि बसमध्ये आजींनी डब्यातला प्लमचा केक अर्धा करून माझ्या हातात ठेवला. माझं जर्मन तेव्हा तोडकंमोडकं होतं. तरी ड्रेस्डेनपर्यंत आम्ही बोलत होतो, बहुतेक सगळं गुडघेदुखीबद्दल.

मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. फिरताना काय खाऊ? — एक विद्यार्थिनी, लातूर

डबा ने. पोळी-भाजीचा रोल थंडीतही चांगला राहतो. मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, रोज एखादा तरी शाकाहारी किंवा व्हीगन पदार्थ असतो. बाहेर असशील तर बेकरीतला साधा पाव घे आणि सुपरमार्केटमधून ‘क्वार्क’चा डबा, चक्क्याच्या जवळचं असतं ते. साखर-वेलदोडा घालून घरी श्रीखंड होतं. इथला प्रसिद्ध आयरशेके केक तुला चालणार नाही, त्यात अंडं असतंच.

सॅक्सनीच्या राजधानीत, म्हणजे ड्रेस्डेनमध्ये, आपल्या इतिहासाशी जोडलेलं काही पाहायला मिळालं का? मी इतिहास शिकवायचो. — निवृत्त शिक्षक, सातारा

सर, तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. आहे, आणि तुमच्या साताऱ्याच्या फार जवळचं आहे.

इथल्या राजवाड्यात ‘ग्र्युनेस गेव्योल्बे’, म्हणजे हिरवी कमानदालनं, नावाचा खजिना आहे. त्याच्या नव्या विभागात काचेमागे एक वस्तू ठेवली आहे: औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार. योहान मेल्खियोर डिंगलिंगर या सोनाराने आपल्या भावांना घेऊन १७०१ ते १७०८ या काळात तो घडवला. रुंदी दीड मीटरही नाही. चांदीच्या पायऱ्या, त्यावर सोन्याच्या आणि मीनाकामाच्या सव्वाशेहून जास्त मूर्ती, वर छत्राखाली बसलेला बादशहा. सरदार नजराणे घेऊन येताहेत, हत्ती आहेत, उंट आहेत, घोडे आहेत. हिरेच सुमारे पाच हजार. बोटभर उंचीच्या माणसाच्या अंगरख्याच्या काठावरही नक्षी दिसते. डिंगलिंगर हिंदुस्थानात कधी आला नव्हता. त्याने प्रवासवर्णनं वाचून हे उभं केलं, म्हणून त्यात चिनी आणि इजिप्तच्या खुणाही मिसळल्या आहेत. सॅक्सनीच्या ऑगस्ट नावाच्या राजाने यासाठी ५८ हजारांहून जास्त थालर मोजले.

मी त्या काचेसमोर उभी राहिले आणि तारखा मनात जुळवू लागले. अजिंक्यताऱ्याला वेढा पडला डिसेंबर १६९९ मध्ये आणि गड गेला एप्रिल १७०० मध्ये. त्याआधी दीडेक महिना राजाराम महाराज सिंहगडावर वारले होते आणि राज्याचा भार ताराबाईंनी उचलला होता. इकडे डिंगलिंगरने १७०१ मध्ये काम हाती घेतलं, तेव्हा बादशहा पन्हाळ्याच्या पायथ्याशी होता. १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. एकेक गड घ्यायचा, पुढे सरकायचं, आणि मागे तो मराठ्यांनी परत घ्यायचा. १६८२ मध्ये औरंगाबादला आलेला हा माणूस पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. ज्या वैभवाचा दरबार ड्रेस्डेनमध्ये हिऱ्यांनी मढवला जात होता, तो दरबार चिखलातल्या छावणीत होता आणि सह्याद्रीच्या पावसात त्याचे उंट-हत्ती मरत होते. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरजवळ बादशहा वारला. दरबार पुरा झाला १७०८ मध्ये. तोवर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्यात गादीवर बसले होते.

वस्तूच्या शेजारची माहिती सोनाराबद्दल सांगते, आणि ते योग्यच आहे. कारागिरी अप्रतिम आहे. पण माझ्यासोबत चिलीची एक आणि व्हिएतनामची एक अशा वर्गमैत्रिणी होत्या. त्यांना मी फोनवर नकाशा उघडून पन्हाळा, विशाळगड, राजगड दाखवले आणि ताराबाईंची गोष्ट सांगितली. तेव्हा ताराबाई पंचविशीच्या होत्या, जवळजवळ आमच्याच वयाच्या. चिलीची मैत्रीण परत काचेजवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली. सर, वर्गात तुम्ही सनावळ्या पाठ करून घेतल्या असतील, त्या अशा ठिकाणी कामाला येतात. कधी आलात तर मी स्टेशनवर घ्यायला येईन.

आपल्या सांगलीची मुलगी तिथे पाणी शिकते याचं कौतुक वाटतं. त्यांच्याकडे पूर येतो का, आणि ते काय करतात? — एक वाचक, सांगली

काका, येतो. ऑगस्ट २००२ मध्ये एल्बे ड्रेस्डेनला ९.४० मीटरवर गेली. एरवी ती दोन मीटरच्या आसपास असते. त्याआधीच वायसेरित्स नावाच्या छोट्या उपनदीने मुख्य रेल्वे स्टेशन बुडवलं होतं. या नदीचं पात्र १८९३ मध्ये वळवलं होतं. शंभर वर्षांनी पाणी आलं तेव्हा ती जुन्या वाटेनेच गेली आणि त्या वाटेवर आता स्टेशन होतं. ओढे-नाले बुजवून प्लॉट पाडणाऱ्यांना हे दाखवायला हवं.

शहराच्या मधोमध एल्बेच्या दोन्ही काठांना रुंद गवताळ पट्टा मोकळा सोडलेला आहे. उन्हाळ्यात आम्ही तिथे अभ्यास करतो, मुलं पतंग उडवतात. पूर आला की तो पट्टा पाण्याचा. आपल्याकडे पूररेषा, निळी आणि लाल, कागदावर आहेत. इथे ती रेषा पायाखाली दिसते, म्हणून तिच्यावर वाद कमी. तरीही २०१३ मध्ये ८.७८ मीटर पाणी आलंच होतं. पूर टळत नाही, नुकसान कमी करता येतं.

दुष्काळाच्याही खुणा आहेत. सीमेपलीकडे, चेक प्रजासत्ताकातल्या द्येचीनला, नदीत एक मोठा दगड आहे. पाणी फार उतरलं तरच तो उघडा पडतो आणि त्यावर जर्मनमध्ये कोरलंय, ‘मला पाहशील तेव्हा रड.’ त्यावरचं वाचता येणारं सर्वांत जुनं साल १६१६ आहे. २०१८ आणि २०२२ मध्ये तो दिसला होता.

पिर्ना आणि बाड शांडाऊच्या गल्ल्यांत घरांच्या भिंतींवर पुराच्या रेघा कोरलेल्या आहेत, प्रत्येकीशेजारी साल. चारशे-पाचशे मीटर चाललं की कुठल्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते डोळ्यांना कळतं. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या पातळीच्या बारा फूट वर, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण गावभागात कुठल्या घरात किती पाणी होतं, ते दहा वर्षांनी कोण सांगणार? तुमच्या भिंतीवर तो डाग अजून असेल तर रंगकाम करताना झाकू नका. ऑइल पेंटने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख आणि जमिनीपासूनची उंची लिहा आणि टेप लावलेला फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. माझ्या प्रबंधासाठी मी अशा खुणा गोळा करते आहे. २००५ च्या पुराची असेल तर ती आधी पाठवा.