वजन जेमतेम 58 किलो, तरीही फॅटी लिव्हर कसं?

तुम्ही लिहिलंय: वय 42, उंची 5 फूट 6 इंच, वजन 58, दारू सणासुदीला तेवढी, तरी सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर, आणि 90 किलोच्या मेहुण्याचा रिपोर्ट मात्र नॉर्मल.

मी गोव्यात, फोंड्याला आहारतज्ज्ञ आहे. तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांना वाटतं, रिपोर्टांची अदलाबदल झाली.

आधी मेहुण्याबद्दल. लिव्हरमध्ये चरबी थोडी असेल तर ती साध्या सोनोग्राफीत बरेचदा दिसतच नाही. त्यामुळे त्यांनी खुशाल राहू नये. वजन वाढतं तसा धोका वाढतोच, यात वाद नाही. पण चरबी कुठे साठते, हे वजनाइतकंच महत्त्वाचं. मांड्या-नितंबांवरची चरबी तुलनेने निरुपद्रवी, पोटातली वाईट. आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं पुष्कळ. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 21 च्या आतबाहेर येतो, पण काटा स्नायू आणि चरबी वेगळी करून दाखवत नाही. म्हणून बेंबीच्या पातळीवर टेप लावा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80; त्यापुढे गेलं की सडपातळ म्हणवून घेण्यात अर्थ नाही.

टेपमध्ये बसलात तर रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) बघा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की लिव्हर चरबी साठवू लागतं, माणूस बारीक असला तरी. घरात कुणाला मधुमेह आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काहींना पीएनपीएलए3 या जनुकातला बदल आईवडिलांकडून येतो, त्यांच्यात कमी वजनालाही हे होतं.

हुर्राक-फेणीचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हिशेब मात्र डॉक्टरांना खरा सांगा. मार्च ते मे, काजूच्या हंगामात, ‘सणासुदीला’ची व्याख्या आपल्याकडे फार सैल होते! साखर वाढलेली असताना दारूने नुकसान जास्त होतं.

मेहुण्यांनी वजन 7 ते 10 टक्के उतरवलं तर त्यांना फायदाच. तुम्ही मात्र 58 चे 50 करायला जाऊ नका. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तरीही लिव्हरवर चरबी चढू शकते. सकाळी उंडे (गोल पाव), दुपारी ताटभर शीत (भात), संध्याकाळी गोड चहाबरोबर पुन्हा पाव, असं चालत असेल तर आधी साखर आणि कोल्ड्रिंक बंद करा, शीत निम्मं करा, हुमणातले (आमटीतले) मासे आणि कडधान्य वाढवा. जोडीला स्नायू कमावणारा व्यायाम हवाच. नुसतं मिरामारच्या किनाऱ्यावर फिरून येणं पुरणार नाही.

ग्रेड 1 म्हणजे चरबी किती, एवढंच. लिव्हर कडक होतंय का, ते त्यातून कळत नाही. एसजीओटी, एसजीपीटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट आणि वय यांवरून फिब-4 नावाचा आकडा निघतो, तो 1.3 च्या वर आला तर फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. थायरॉइड आणि हिपॅटायटिस बी, सी तपासून घ्या. स्टेरॉइड किंवा दुसरं कुठलं औषध बरेच दिवस चालू असेल तर त्याची चिठ्ठी सोबत न्या.