वाचकांचे प्रश्न : छोट्या हॉलमधला पंक

प्रश्न : कॉलेजात असल्यापासून ज्या अमेरिकी पंक बँडच्या कॅसेट मी फीत झिजेपर्यंत ऐकल्या, तो बँड पुढच्या महिन्यात लोअर परळच्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवणार आहे. तिथे जेमतेम दोन-तीनशे माणसे उभी राहू शकतात. एवढा नावाजलेला बँड अशा जागी वाजवतो, म्हणजे त्याचे दिवस फिरले असणार, असे माझे मित्र म्हणतात. माझे वय ४७ आहे, मला चष्मा आहे आणि १९ वर्षांच्या मुलीला माझ्यासोबत यायचे आहे. धक्काबुक्की, कानांना होणारा त्रास आणि रात्रीचा परतीचा प्रवास यांचा विचार करता जावे की जाऊ नये?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अवश्य जा आणि मुलीलाही न्या. तुमच्या मित्रांचा तर्क मला मुळीच पटत नाही, कारण छोटी खोली हे पंकचे, म्हणजे साध्या, वेगवान आणि दणदणीत रॉकचे, जन्मघर आहे. रामोन्स हा बँड १९७४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या बावरी रस्त्यावरील सीबीजीबी या लांबट, अरुंद बारमध्ये वाजवू लागला. दोन वर्षांनी आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममधली १४ गाणी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. ४ जून १९७६ रोजी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडला ऐकायला फार थोडी माणसे जमली होती, परंतु तो कार्यक्रम भरवणाऱ्या हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली यांनी बझकॉक्स हा बँड उभा केला, आणि श्रोत्यांमधले पीटर हुक व बर्नार्ड समनर पुढे जॉय डिव्हिजन या बँडमध्ये वाजवू लागले. वाजवणाऱ्याची बोटे हाताच्या अंतरावरून दिसली की ‘हे मलाही जमेल’ ही भावना ऐकणाऱ्याच्या मनात जागी होते, आणि माझ्या मते पंकने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर बोटे दिसतात खरी, पण ती भावना तिथवर पोहोचत नाही.

मुंबईत छोट्या बंदिस्त जागांना आणखी एक कारण आहे. धोबीतलावच्या रंगभवनात एकेकाळी रॉकचे मोठे खुले कार्यक्रम होत; पण रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरल्यावर ते बंद पडले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सभागृहासारख्या बंदिस्त जागांना मात्र त्यातून सूट आहे. त्यामुळे हे संगीत गिरण्यांच्या आवारांत आणि तळघरांत शिरले. मथुरादास मिल कंपाउंडमधले, २०१६ साली बंद झालेले ब्लू फ्रॉग हे संगीताचे ठिकाण अनेकांना आठवत असेल. रंगभवन गेल्याची हळहळ मलाही वाटते, पण पंकचे त्यामुळे काही बिघडले नाही.

आता कानांविषयी, आणि इथे मी थोडा आग्रह धरणार आहे. ठेंगणे छत आणि जवळच्या भिंती यांमुळे झांजांचा आणि गिटारच्या अँपचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज थेट अंगावर येतो आणि तो सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी केलेल्या शिफारशीतही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. कापसाचे बोळे इथे पुरेसे नाहीत. औषधाच्या दुकानातले फोमचे इअरप्लग बोटांत वळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वरच्या बाजूने धरून वर ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. मुलीने कंटाळा केला तरी तिला ते घालायला लावा, कारण या वयात कानाला झालेली इजा पुढे भरून येत नाही.

उभे कुठे राहावे, यावर तुम्हाला गाणे किती ऐकू येईल हे ठरते. छोट्या जागेत ड्रमला बहुधा माइकची गरज भासत नाही आणि गिटारचा आवाज मंचावरच्या अँपमधून समोर येतो, पण गायकाचा आवाज मात्र बाजूच्या स्पीकरमधूनच येतो. म्हणून अगदी गिटारवादकासमोर उभे राहणाऱ्याला शब्द ऐकू येत नाहीत, आणि पंकमध्ये शब्द हरवले की अर्धे गाणे हरवते. आधी थोडा वेळ साउंड डेस्कजवळ, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाच्या टेबलाजवळ, उभे राहून ऐका. मग आवडत्या गाण्याला पुढे जा.

मंचासमोर जी रेटारेटी चालते तिला पिट म्हणतात. तिथला पहिला नियम असा की कोणी पडले तर भोवतालच्यांनी त्याला ताबडतोब उचलायचे, आणि चांगल्या कार्यक्रमात हा नियम मनापासून पाळला जातो. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड पाच डॉलरच्या आसपास तिकीट ठेवून सर्व वयाच्या श्रोत्यांसाठी वाजवत असे. गर्दीत कोणी दांडगाई करताना दिसला तर गाणे थांबवून त्याला समज दिली जाई आणि प्रसंगी तिकिटाचे पैसे परत देऊन बाहेर काढले जाई. तुम्ही कडेला, खांबाजवळ किंवा भिंतीलगत उभे राहा, चष्म्याला मागून दोरी लावा आणि बंद बूट घाला. मुलीला पिटमध्ये जावेसे वाटले तर तिला अडवू नका; मात्र कोणी मुद्दाम अंगचटीला आले तर ओरडून शेजारच्यांना आणि आयोजकांना सांगायचे, हे आधीच बोलून ठेवा.

तिच्या वयासंबंधी आयोजकांना तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट असल्याने बार असलेल्या काही जागा तरुणांना प्रवेशच देत नाहीत, तर काही ठिकाणी मनगटावर वेगळा पट्टा बांधून आत सोडतात. ही जुनी अडचण आहे. १९८० मध्ये टीन आयडल्स या अल्पवयीन मुलांच्या बँडला सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबने हातांवर काळी फुली काढून आत घेतले होते, आणि दारू न पिणाऱ्या पंक श्रोत्यांनी तीच फुली पुढे अभिमानाने आपली खूण केली.

परतताना करी रोड स्थानक गाठा. ते चालत जाण्याजोगे आहे आणि गाडी बदलावी लागत नाही. मध्यरात्रीनंतर डोंबिवलीकडे मोजक्याच गाड्या असतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवा. पंकचा कार्यक्रम सहसा तासाभरात आटोपतो, त्यामुळे तुम्हाला मधूनच उठून यावे लागणार नाही.

प्रश्न : अशा कार्यक्रमात फोनवर चित्रीकरण करावे का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : एखादे गाणे, तेही मागच्या बाजूला उभे राहून, चित्रित करायला हरकत नाही. पुढे हात उंचावून उभे राहिल्यास मागच्यांना मंच दिसत नाही आणि फोनही हातातून उडतो. शिवाय इतक्या मोठ्या आवाजापुढे फोनचा माइक टिकत नाही; घरी येऊन ऐकले तर नुसती खरखर उरते. आठवण हवी असेल तर बँडच्या टेबलावरून टी-शर्ट किंवा रेकॉर्ड विकत घ्या, आणि आधी वाजवणाऱ्या मुंबईच्या बँडकडूनही काहीतरी घ्या. हॉलचे भाडे आणि प्रवासखर्च वजा जाता तिकिटातून बँडच्या हाती फारच थोडे पडते, आणि टेबलावरच्या विक्रीवरच पुष्कळदा पुढच्या गावाचे भाडे निघते.