खोल झिरी भरल्यावर भेग का पडते? एका दमात भरली तर चालेल का?

जुन्या घरात कन्सील वायरिंगच्या दोन इंच खोल झिऱ्या (पाइप बसवायला भिंतीत कापलेल्या खाचा) मारल्यात, गवंडी एका दमात भरतो म्हणतो, आणि वरून पुट्टी कोणती लावायची, असं तुम्ही विचारलंय.

एका दमात भरू देऊ नका. दोन इंच ओला माल आपल्याच वजनानं खाली बसतो, वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि आकसताना काठ सोडतो. पण पाइपाच्या रेषेत भेग दिसली की लोक गवंड्याला धरतात, आणि कितीदा तरी चूक वायरमनची असते. आमच्याकडे एका घरी ऐन मे महिन्यात वायरमननंच झिऱ्या भरल्या. नुसतं सिमेंट कालवून कोंबलं, स्विचबोर्डाचे डबे पीओपीनं बसवले. रेती टाक म्हटलं, तर म्हणे, "सिमेंट जास्त टाकलं का मजबूत होते ना भाऊ." पावसाळ्याआधीच प्रत्येक पाइपाची वाट भिंतीवर उमटली. काठावर नख आत जायचं, मधे ठोकलं की पोकळ वाजायचं. नुसतं सिमेंट सर्वात जास्त आकसतं. त्यात विटा कोरड्या, त्यांनी पाणी ओढून घेतलं, आणि आतला पाइप हलता. डब्यांभोवतीचा पीओपी तर ओल लागली की सिमेंटशी मिळून फुगतो. तिथला पोपडा वेगळाच.

आधी झिरी ब्रशनं झाडा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी पुन्हा. भिंत ओलसर हवी, निथळती नको. पाइप दर दोन फुटांवर खिळे-तारेनं आवळा. त्याची बाहेरची बाजू भिंतीच्या पृष्ठभागापासून निदान अर्धा इंच आत पाहिजे, नाहीतर काहीही भरा, भेग पडणारच. पीव्हीसी उन्हानं सिमेंटच्या कितीतरी पट वाढतो. सिमेंटची पातळ लापशी फिरवून ती ओली असतानाच एक घमेलं सिमेंट, चार घमेली चाळलेली रेती, असा माल दाबा. मुठीत गोळा राहील इतकंच पाणी. मागची मोठी पोकळी भिजवलेल्या विटेच्या तुकड्यांनी भरा, तेवढा माल कमी. एक थर अर्ध्या इंचाच्या वर नको. पुढचा थर धरावा म्हणून वरून खरवडून ठेवा, तो दुसऱ्या दिवशी. शेवटचा थर एकास पाच किंवा सहा. वरचा थर खालच्यापेक्षा कडक केला की तोच आधी तडकतो. गवंड्याच्या लाकडी रंध्यानं घासा. वरून सुकं सिमेंट मारून गुळगुळीत करणाऱ्याला थांबवा, ते जाळ्यासारखं तडकतं.

झिरी रुंद असेल किंवा तीन-चार पाइप एकत्र असतील तर झिरीपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावा. त्यासाठी दोन्ही बाजूंचं जुनं प्लास्टर दोन-दोन इंच काढावं लागतं. जाळी मालात बुडाली पाहिजे. वरून ठोकलेली जाळी म्हणजे पैसे पाण्यात.

रेतीत गाळ असेल तर वरची सगळी मेहनत वाया. बाटलीत अर्धी रेती आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या आठ टक्क्यांच्या वर असेल तर ती रेती धुवा. पंचेचाळीस डिग्रीत भरायचंच असेल तर संध्याकाळी भरा आणि सात दिवस तराई करा, म्हणजे वर ओला बारदाना ठेवून भरलेला माल ओला ठेवा. कालवलेला माल तासाभरात संपवा. सेट झालेल्यात पाणी घालून तो जिवंत होत नाही.

हे सगळं पक्क्या विटा-सिमेंटच्या भिंतीचं. विटा मातीत जोडलेल्या असतील तर त्या जुडाईला सिमेंट धरत नाही. नऊ इंची भिंतीत दोन इंच उभी झिरी चालते, आडवी नाही. उभी जाडीच्या एक तृतीयांशाच्या, आडवी एक षष्ठांशाच्या आत हवी. साडेचार इंची भिंतीत तर दोन इंच उभीसुद्धा जास्त. आणि भेग तिरपी असून उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात मिटते, तर ते काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याचं काम, झिरीचं नाही.

पुट्टी कोणतीही लावा, भिंत पुरी सुकल्यावर. वायरमनशी ठरवतानाच सांगा: झिरी मार, पाइप आवळ, डबे सिमेंट-रेतीत बसव आणि बाजूला हो. भरण्याचे पैसे गवंड्याला वेगळे द्या, मग भेग पडली तर त्यालाच विचारा.