शार्कचे ‘कल्ले’ कापले जातात की ‘पर’?

विचारणा अशी आहे. शार्कविषयीच्या संशोधनावरील लेखाचा मराठी अनुवाद करताना एका अनुवादकाने पुढील वाक्य लिहिले आहे: ‘फिनिंगच्या व्यापारामुळे दरवर्षी १० कोटी शार्कचे कल्ले कापले जातात.’ येथे ‘कल्ले’ बरोबर आहे की ‘पंख’ म्हणावे, आणि ‘फिनिंग’साठी (म्हणजे शार्कचे पर ठेवून घेऊन धड समुद्रात फेकण्यासाठी) मराठीत एखादा सुटसुटीत शब्द आहे का, असे त्यांनी विचारले आहे. वाक्य लहान असले तरी त्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही शब्दांच्या वाटेनेच शिरल्या आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

कल्ले म्हणजे माशाची श्वसनेंद्रिये. शास्त्रीय मराठीत त्यांना ‘क्लोम’ म्हणतात, आणि शार्कच्या डोक्यामागे दोन्ही बाजूंना पाच ते सात उभ्या फटी दिसतात त्या कल्ल्यांच्या फटी होत. पोहण्यासाठी आणि तोल सांभाळण्यासाठी शरीराबाहेर आलेले जे अवयव असतात ते पर. शास्त्रीय परिभाषा त्यांना ‘पक्ष’ म्हणते, म्हणून पाठीवरच्या त्रिकोणी पराला पृष्ठपक्ष आणि शेपटीच्या पराला पुच्छपक्ष ही नावे आहेत. शार्कच्या परांच्या आत लांब, लवचीक तंतू असतात. शार्कच्या परांच्या सूपसाठी मागणी असते ती या तंतूंना, आणि म्हणून कापले जातात ते पर, कल्ले नव्हेत. ही केवळ शुद्धाशुद्धाची बाब नाही. मांटा रे आणि डेव्हिल रे हे शार्कच्या नात्यातले मासे आहेत आणि त्यांच्या कल्ल्यांतील पट्ट्यांचा औषधी म्हणून खरोखरच व्यापार होतो. ‘कल्ल्यांचा व्यापार’ असे लिहिले की जाणता वाचक त्या निराळ्याच व्यापाराकडे जातो.

तरीही पर आणि कल्ले यांचा एक संबंध येथे सांगायलाच हवा. मॅकोसारख्या कित्येक जातींचे शार्क सतत पोहत राहतात, तोंडातून आत येणारे पाणी कल्ल्यांवरून वाहत राहते आणि त्यातूनच त्यांना प्राणवायू मिळतो. नर्स शार्कसारख्या काही जाती तळाशी स्थिर राहूनही तोंडाने पाणी ओढू शकतात, पण सतत पोहणाऱ्या जातींना ती सोय नसते. बहुतेक इतर माशांना तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, हीही शार्कला नसते. तेलाने भरलेले मोठे यकृत आणि छातीलगतच्या परांमुळे मिळणारा उठाव यांच्या आधाराने तो पाण्यात आपली पातळी राखतो. अशा प्राण्याचे पर कापून त्याला पाण्यात सोडले की तो पोहू शकत नाही, बुडत जातो, आणि कल्ले शाबूत असूनही गुदमरतो.

‘पंख’ या शब्दाला माझा आक्षेप वेगळा आहे. ‘पर’ हा शब्द फारसीतून आला, तेथे त्याचा मूळ अर्थ पीस किंवा पंख असाच आहे, तेव्हा व्युत्पत्तीच्या बळावर कोणी पंखाची बाजू घेतली तर ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु शब्दाचा अर्थ वापर ठरवतो, आणि मराठीत पाखराला पंख व माशाला पर ही वाटणी पक्की झालेली आहे. शिवाय ‘पंख छाटणे’ हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, एखाद्याचे बळ किंवा अधिकार कमी करणे असा. ‘शार्कचे पंख छाटले’ हे शब्द वाचताना त्या लाक्षणिक अर्थाची सावली पडते आणि प्रत्यक्ष सुरीने केलेली कृती धूसर होते.

आता ‘परछाटणी’ आणि ‘परकापणी’ या सुचणाऱ्या शब्दांविषयी. छाटणी द्राक्षवेलीची होते, कुंपणाची होते. छाटल्यावर नवी फूट येते, किंबहुना ती यावी म्हणूनच छाटायचे असते. कापणी पिकाची, आणि पुढच्या हंगामात शेत पुन्हा उभे राहते. शार्कचा मुळापासून कापलेला पर पुन्हा येत नाही, आणि बहुतेक वेळा तो शार्कही उरत नाही. मराठीत इतके रुळलेले हे दोन शब्द नेमके इथेच दिशाभूल करतात, याचे मला वाईट वाटते. ‘परच्छेद’ हा शब्द बनवता येईल, पण घाईत तो ‘परिच्छेद’ वाचला जाईल. राहता राहिला ‘पक्षच्छेद’. पुराणांत पर्वतांना पंख होते, इंद्राने ते छेदले आणि मैनाक तेवढा समुद्रात लपून वाचला, ही कथा ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हा शब्द फार अर्थपूर्ण वाटेल. शास्त्रीय परिभाषेतील ‘पक्ष’ही त्यात आपोआप येतो. मात्र आजच्या वाचकाला ‘पक्ष’ म्हटले की प्रथम राजकारण आठवते, म्हणून शीर्षकात तो वापरावा असे मी म्हणणार नाही.

या सर्वांहून मोठी अडचण ‘टाकणे’ या क्रियापदाची आहे. ‘पर कापून टाकतात’ असे आपण सहज लिहितो, पण मराठीत येथे ‘टाकणे’ सहायक क्रियापद होते: लिहून टाकले, सांगून टाकले, तसेच कापून टाकले. कृती पुरी झाली एवढेच त्यातून कळते, काय फेकले गेले ते कळत नाही, आणि शब्दशः घेतले तर पर फेकले असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. जहाजावर पर ठेवून घेतात आणि उरलेले धड, पुष्कळदा जिवंत असतानाच, समुद्रात फेकतात. फिनिंग हे नाव या दोन कृतींना मिळून आहे आणि त्यावरच्या कायद्यांचा रोख दुसऱ्या कृतीवर आहे. संपूर्ण शार्क बंदरात आणून तेथे त्याचे पर वेगळे केले तर त्याला फिनिंग म्हणत नाहीत. तेव्हा लेखात पहिल्यांदा ‘पर ठेवून घेऊन धड समुद्रात फेकणे, म्हणजेच फिनिंग’ असे फोडून लिहावे आणि पुढे ‘फिनिंग’ हाच शब्द निःसंकोचपणे वापरावा, असे माझे मत आहे. अर्धा अर्थ सांगणाऱ्या नव्या शब्दापेक्षा पूर्ण अर्थ समजावून घेतलेला परभाषिक शब्द बरा.

यावरूनच ‘फिनिंगचा व्यापार’ हा प्रयोग का टिकत नाही ते लक्षात येईल. फिनिंग ही समुद्रावरची कृती आहे, व्यापार परांचा होतो, आणि हा भेद न्यायालयात निर्णायक ठरलेला आहे. अमेरिकेने २००० साली फिनिंगविरोधी कायदा केला. त्यानंतर २००२ मध्ये ‘किंग डायमंड २’ या जहाजावर ६४,६९५ पौंड पर सापडले आणि त्यांच्या जोडीची धडे जहाजावर नव्हती. या जहाजाने स्वतः मासे धरले नव्हते, समुद्रातच इतर नौकांकडून पर विकत घेतले होते. कायदा मासेमारी जहाजांना लागू होता; अशा जहाजाला ‘मासेमारी जहाज’ म्हणता येईल का, या प्रश्नावर खटला अडला आणि २००८ मध्ये अपील न्यायालयाने सरकारच्या विरोधात निकाल दिला: असे जहाज त्या व्याख्येत बसते याची रास्त पूर्वकल्पना जहाजाच्या मालकांना कायद्याच्या शब्दांतून मिळत नव्हती. एका शब्दाच्या व्याख्येमुळे एवढा साठा सुटला. २०१० च्या संसद-अधिवेशनात संमत होऊन जानेवारी २०११ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्याने ही पळवाट बुजवली आणि पर नैसर्गिकरीत्या धडाला जोडलेल्या स्थितीतच शार्क किनाऱ्यावर आणावेत असा दंडक घातला. पुढे २०२२ अखेरच्या स्वतंत्र कायद्याने परांच्या विक्रीवर बंदी आली. फिनिंगवरील बंदी आणि परांच्या विक्रीवरील बंदी यांत तिथे बावीस वर्षांचे अंतर आहे; अनुवादात दोन्हींना एकच शब्द वापरला तर हे अंतर नाहीसे होते.

‘वजन’ या साध्या शब्दाचेही असेच आहे. आणलेले पर आणि धडे जुळतात का ते ताडण्यासाठी परांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम अमेरिकेतही होता आणि युरोपीय संघाच्या २००३ च्या नियमातही होता. मात्र अमेरिकेत ते ५ टक्के आणलेल्या धडांच्या वजनाचे होते, तर युरोपात शार्कच्या जिवंत वजनाचे. समजा, १०० किलोचा शार्क साफ केल्यावर ५० किलोचे धड उरले, तर पहिल्या हिशेबाने अडीच किलो पर चालतात आणि दुसऱ्याने पाच. म्हणजे युरोपीय मोजणीत एकेका धडामागे जादा पर लपवायला जागा होती. युरोपीय संघाने २०१३ मध्ये टक्केवारीचा मार्ग सोडला आणि पर अंगाला जोडलेलेच असावेत हा नियम घेतला. असा मजकूर अनुवादताना नुसते ‘वजनाच्या ५ टक्के’ लिहून भागणार नाही, कोणाचे वजन ते लिहावेच लागेल.

वाक्यातील ‘१० कोटी’ हा आकडा खरा आहे, पण तो भलत्या शब्दाला जोडला गेला आहे. संशोधक बोरिस वर्म आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मासेमारीमुळे मरत होते. त्यात मांसासाठी धरलेले आणि इतर माशांच्या जाळ्यांत किंवा गळांना नकळत सापडून मेलेले शार्कही आले. फक्त परांच्या व्यापारातून जाणाऱ्या शार्कची संख्या संशोधक शेली क्लार्क यांच्या २००६ च्या अभ्यासात निराळी काढली आहे: वर्षाला २.६ ते ७.३ कोटी. तीही फिनिंगची संख्या नव्हे, कारण हे पर बंदरात आणलेल्या संपूर्ण शार्कचेही असू शकतात. वर्म यांच्याच गटाने २०२४ मध्ये दाखवले की फिनिंगविरोधी नियम जगभर पसरत असताना, २०१२ ते २०१९ या काळात, मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या किमान ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेली, आणि त्यांतील सुमारे २.५ कोटी संकटग्रस्त जातींचे होते. ‘धड फेकू नका’ हा नियम ‘शार्क मारू नका’ असे म्हणत नाही. धड आणावेच लागते म्हटल्यावर त्याच्या मांसालाही बाजार मिळतो. फिनिंगचा अर्थ नीट न कळलेला वाचक हा निष्कर्ष वाचून गोंधळेल, आणि त्याचा दोष वाचकाकडे जाणार नाही.

याच क्लार्क यांच्या कामातील एक गोष्ट शब्दप्रेमींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. हाँगकाँगचे व्यापारी परांचे ढीग जातीच्या शास्त्रीय नावाने लावत नसत, त्यांची स्वतःची चिनी नावे होती: ‘या जियान’, ‘चुन ची’, ‘गू पियान’. ही नावे ऐकीव म्हणून बाजूला न सारता संशोधकांनी प्रत्येक नावाखालच्या परांची जनुकीय तपासणी केली. ‘या जियान’ म्हणजे निळा शार्क, ‘गू पियान’ म्हणजे मोठा हातोडीडोक्या शार्क, असे व्यापाऱ्यांच्या बोलीचे आणि जीवशास्त्राचे नाते त्यातून लागले, आणि लिलावाच्या नोंदी वाचून कोणत्या जातीचा वाटा किती ते सांगता येऊ लागले. निळ्या शार्कचा वाटा सुमारे १७ टक्के निघाला. आपल्याकडच्या ‘मुशी’ आणि ‘मोरी’ या नावांकडेही याच आदराने पाहावे, प्रत्येक ठिकाणी ‘शार्क’ लिहून ती पुसू नयेत.

मूळ प्रश्नात नसलेली एक सूचनाही करतो. अनुवादात वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराचा उल्लेख येईल तेव्हा त्याच्या परिशिष्ट २ साठी ‘व्यापारबंदी’ लिहू नये. हातोडीडोक्या शार्कच्या काही जाती २०१३ मध्ये आणि निळा शार्क ज्यात मोडतो ते रेक्विएम शार्कचे संपूर्ण कुल २०२२ मध्ये या परिशिष्टात घेतले गेले तेव्हा व्यापार थांबला नाही. तो परवान्याने आणि जातीच्या अस्तित्वाला धोका नाही अशी खात्री करूनच चालावा, असे ठरले. त्याला ‘नियंत्रित व्यापार’ म्हणावे.

तेव्हा मूळ वाक्याऐवजी मी असे लिहीन: ‘मासेमारीमुळे दरवर्षी सुमारे १० कोटी शार्क मरतात, असा २०१३ चा अंदाज आहे. त्यांतील अनेकांचे पर व्यापारात जातात, आणि काहींचे पर ठेवून घेऊन धड समुद्रातच फेकले जाते. या शेवटच्या कृतीला फिनिंग म्हणतात.’ एका वाक्याची तीन झाली खरी, पण आता प्रत्येक शब्द आपापल्या जागी आहे.